दगडाचा वास : एका शब्दाची कुळकथा

मृग लागला आणि पहिला पाऊस अंगणात पडला, की दोन गोष्टी हमखास होतात. माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात, आणि ‘पेट्रिकोर’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नि मुलांच्या निबंधांतून डोके वर काढतो. तापलेल्या कोरड्या जमिनीवर पावसाचे थेंब पडले म्हणजे जो वास सुटतो, त्याला शास्त्रज्ञांनी दिलेले हे नाव. नाव अजून आपल्याकडे पुरते रुळलेले नाही. त्यामुळे कुणी ते ‘पेट्रिचोर’ असे लिहितो, कुणी ‘पेट्रीकर’. पेट्रीकर लिहिले, की ते आपल्या पेठकर-पेडणेकरांच्या भाऊबंदांपैकीच कुणी वाटू लागते!

पण दुसऱ्यांना कशाला हसू? मी स्वतः एकदा वर्गात फळ्यावर हा शब्द लिहिला, तो इंग्रजी अक्षरांवर विसंबून ‘पेट्रिचोर’ असाच लिहिला. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “सर, हा पेट्रोल चोरणारा का?” वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन कोश उघडला, तेव्हा कळले की त्या हशाचा खरा धनी मीच होतो.

ही झाली लहान चूक. या शब्दाने माझी आणखी एक चूक माझ्या पदरात घातली आहे, आणि ती याहून मोठी आहे. खरे सांगायचे तर तिच्यासाठीच मी आज हा विषय घेतला. ती अशी. बारा-तेरा वर्षांपूर्वी ‘पहिला पाऊस’ या नेहमीच्याच विषयावर मी मुलांकडून निबंध लिहून घेतले होते. आमच्या कॉलेजात आसपासच्या खेड्यांतली मुले येतात. त्यांतल्या एकाचे घरचे लोक दगडाच्या खाणीवर कामाला होते. त्याने लिहिले होते, “पहिल्या पावसात आमच्याकडे खडीचा वास येतो. शेतात येतो तो निराळा.” मी ‘खडीचा’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात शेरा दिला, “दगडाला वास नसतो. मातीचा वास असे लिहावे.” वही परत घेताना त्याने एवढेच विचारले, “सर, खरंच नसतो?” मी म्हटले, “नसतो.” विषय तिथेच संपला. म्हणजे मला तेव्हा तसे वाटले.

आता तुम्हीच सांगा, दगडाला वास असतो की नसतो? लगेच उत्तर देऊ नका. आधी हा शब्द नीट उकलून पाहू.

पहिला प्रश्न लेखनाचा. हा शब्द इंग्रजी दिसत असला, तरी त्याचे दोन्ही घटक ग्रीक आहेत. ‘पेत्रा’ म्हणजे खडक. हा पेत्रा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. पेट्रोलियम म्हणजे खडकातले तेल, आणि त्याचेच आखूड नाव आपले पेट्रोल. तेव्हा मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी अगदीच वाट चुकला नव्हता. पीटर या नावाचा अर्थही दगड असाच आहे. म्हणजे वसईतला पीटर आणि गोव्यातला पेद्रू हेही याच घराण्यातले.

दुसरा घटक ‘इखोर’. इथे एक काळजी घ्यायची. पुष्कळ जण हा शब्द ‘पेट्रि’ आणि ‘कोर’ असा तोडतात आणि कोर म्हणजे गाभा असेल असे धरून चालतात. तसे नाही. ‘पेत्रा’चा शेवटचा स्वर गळून त्याला ‘इखोर’ जोडला आहे; म्हणजे मधला इकार दुसऱ्या शब्दाचा आहे. राहता राहिला चोराचा प्रश्न. ग्रीक लिपीत त्या जागी एकच अक्षर आहे, आणि प्राचीन ग्रीकांचा त्याचा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळचा होता. रोमन लोकांच्या लिपीत ख नव्हता. म्हणून त्यांनी दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवून काम भागवले. इंग्रजीने ती जोडी तशीच उचलली, उच्चार मात्र ‘क’ असा केला. केमिस्ट्री, टेक्निकल, आर्किटेक्ट, क्रोमियम या सगळ्या शब्दांत ती जोडी आहे. आपण कुणी टेच्निकल म्हणत नाही, मग पेट्रिचोर तरी का म्हणावे? गंमत अशी, की मूळ ग्रीक उच्चार जसाच्या तसा लिहायची सोय इंग्रजीत नाही, देवनागरीत आहे. पण शब्द आपल्याकडे आला तो इंग्रजीच्या दारातून. तेव्हा ‘पेट्रिकोर’ हेच लेखन धरावे.

आता अर्थ. इखोर म्हणजे काय? होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या पाचव्या सर्गात एक प्रसंग आहे. ट्रॉयच्या रणांगणावर डायोमिडीस हा वीर खुद्द अॅफ्रोडायटी देवीवर भाला चालवतो आणि तिच्या मनगटाजवळ जखम होते. देवीच्या जखमेतून रक्त येत नाही. देव भाकरी खात नाहीत, मद्य पीत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात माणसासारखे रक्तच नसते. असतो तो इखोर, देवांच्या शिरांतला रस. पुढे ग्रीक वैद्यांनी हाच शब्द जखमेतून पाझरणाऱ्या पातळ लशीसाठी वापरला. देवांच्या शिरांतून निघालेला शब्द असा मलमपट्टीपर्यंत येऊन पोचला. शब्दांचेही नशीब असते, दुसरे काय!

खडकाचा हा दिव्य रस विज्ञानात आणला तो ऑस्ट्रेलियातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी. मेलबर्न येथे सरकारी संशोधन संस्थेच्या खनिज-रसायन विभागात काम करणाऱ्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी मार्च १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लेखाचा विषय होता चिकणमातीचा म्हणून ओळखला जाणारा वास. भूशास्त्राच्या अभ्यासकांची एक जुनी युक्ती आहे: हातातल्या खडकावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचे. ओलसर मातकट वास आला, तर खडकात चिकणमातीचा अंश आहे असे समजायचे. त्या वासाला नावही तसेच पडले होते, चिकणमातीचा वास. बेअर आणि थॉमस यांना आढळले, की हा वास चिकणमातीची मिरासदारी नव्हे. निरनिराळ्या जातींचे खडक आणि खनिजे उष्ण कोरड्या हवेत राहिली, की त्यांनाही तोच वास येतो. त्यांनी अशा खडकांतून वाफ सोडून ऊर्ध्वपातन केले, म्हणजे आपण गुलाबाचा अर्क काढतो त्या रीतीने, तेव्हा त्यांच्या हाती थोडेसे पिवळसर तेल आले. वास त्या तेलात होता.

आता जुने नाव चालेना. चिकणमाती नसलेल्या दगडालाही जर तो वास येतो, तर त्याला चिकणमातीचा वास कसे म्हणावे? म्हणून त्यांनी नवा शब्द घडवला. दगडातून निघालेले सूक्ष्म सत्त्व, दगडाचा इखोर, तो पेट्रिकोर. बघा, एक चुकीचे नाव दुरुस्त करण्यासाठी हा शब्द जन्माला आला. मी माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत जे ‘दुरुस्त’ केले, ते नेमके याच्या उलट होते.

या संशोधनाची आपल्या देशाशी एक गाठ आहे. त्या लेखात बेअर आणि थॉमस यांनी उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या धंद्याचा उल्लेख केला आहे. हा वास तिथल्या कारागिरांनी त्यांच्या कितीतरी आधी कुपीत भरला होता. कनौजला आजही ‘मिट्टी अत्तर’ तयार होते. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगात पाण्याबरोबर घालतात, तोंड लिंपून खाली जाळ करतात, आणि निघणारी वाफ बांबूच्या नळीने चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदनाचे तेल तो वास धरून ठेवते. मेलबर्नच्या प्रयोगशाळेतली रीत आणि कनौजच्या भट्टीवरची रीत, दोन्हींचे तत्त्व एकच.

पण हे तेल दगडात येते कुठून? दगड काही फूल नव्हे, की त्याच्यात सुगंध उपजावा. १९६६ मध्ये त्याच दोघांनी याचा उलगडा केला. झाडापानांतून आणि कुजणाऱ्या वनस्पती-प्राण्यांच्या अवशेषांतून काही द्रव्ये सतत हवेत उडत असतात. खडकाच्या अंगावरची अदृश्य छिद्रे ती शोषून घेतात. कोरड्या उन्हाळ्यात ती साठत जातात, ऊन आणि हवा लागून त्यांचे रूप बदलते, आणि हे मिश्रण तयार होते. पावसाच्या आधी हवेतला दमटपणा वाढला, की ओलावा त्या छिद्रांत शिरतो आणि तेलाला बाहेर काढतो. पाऊस अजून दोन कोसांवर असतानाच “आला बरं का पाऊस” असे घरातली म्हातारी माणसे वासावरून सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

उरलेले काम थेंब करतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या दोघा संशोधकांनी २०१५ मध्ये अतिशय वेगवान कॅमेऱ्याने पडत्या थेंबाची चित्रे घेतली. सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला, की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. सोडावॉटरच्या पेल्यातल्यासारखे ते वर येतात, फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात. ते वाऱ्याबरोबर आपल्या नाकापर्यंत पोचतात. हलक्या आणि मध्यम पावसात हे चांगले घडते, मुसळधार पावसात कमी. पहिल्या टपोऱ्या थेंबांना जो वास सुटतो, तो पुढे धो धो पाऊस लागल्यावर का विरतो, हेही यावरून ध्यानात यावे.

मग एक अडचण उभी राहते. तेल जर झाडांकडून आणि हवेकडून आलेले असेल, तर ‘दगडाचा रस’ हे नाव खोटेच ठरले की! दगडाला शिरा नाहीत, रक्त नाही. त्याने ते नुसते सांभाळून ठेवले होते. शब्दाची व्युत्पत्ती एक सांगते, वस्तुस्थिती दुसरे. याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मकुंडली आहे, ती त्याचे चारित्र्य नव्हे. नाव ठेवताना नाव ठेवणाऱ्याला काय दिसले, एवढेच ती सांगते.

आता तुम्ही म्हणाल, “एवढा खटाटोप कशाला? आपला ‘मृद्गंध’ आहे ना!” आहे, आणि सुरेख आहे. विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा काव्यसंग्रह १९५४ साली निघाला, म्हणजे पेट्रिकोर हा शब्द जन्मण्यापूर्वी दहा वर्षे. फक्त तो शब्द नीट लिहा. ‘मृदगंध’ असा मोकळा द लिहिलेला मी जागोजाग पाहतो. मूळ शब्द ‘मृद्’ असा व्यंजनान्त आहे. सत् आणि गुण मिळून सद्गुण होतो, तसा मृद् आणि गंध मिळून मृद्गंध. द चा पाय मोडायचाच. तो मोडला नाही, तर वाचणाऱ्याला मऊपणाचा ‘मृदु’ आठवायचा आणि माती बाजूलाच राहायची.

मात्र मृद्गंध म्हणजे पेट्रिकोर असे समीकरण मांडू नका. मृद्गंधाचा खरा ग्रीक जुळा भाऊ वेगळाच आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए यांनी मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘जिऑस्मिन’ असे नाव दिले. ‘गे’ म्हणजे भूमी, ‘ऑस्मे’ म्हणजे वास. शब्दशः भूमीचा गंध! मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू हे द्रव्य तयार करतात. आपले नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले, तरी माणसाला वास जाणवतो. बिटाला जो मातकट वास येतो तो याचाच. आणि कधी कधी नळाच्या पाण्याला मातीचा वास येतो, त्यातही बहुधा याचाच हात असतो. मातीतल्या स्प्रिंगटेल नावाच्या चिमुकल्या प्राण्यांना हा वास ओढून आणतो आणि ते या जिवाणूंचे बीजाणू इकडून तिकडे नेतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

म्हणजे पहिल्या पावसात आपण ‘एक’ वास घेतो असे म्हणतो, तेव्हा त्यात निदान दोन असतात. एक जित्या मातीचा, जिऑस्मिनचा. दुसरा तापल्या दगडाने राखून ठेवलेला, पेट्रिकोरचा. नांगरलेल्या रानात पहिला वरचढ असणार. उघड्या कातळावर, मुरमाड माळावर आणि खाणीवर दुसरा. “खडीचा वास येतो. शेतात येतो तो निराळा.” आठवते ना हे वाक्य?

आणि आता माझ्या अपराधाचा उरलेला भाग. माझी एम. ए. ची पदवी संस्कृतची आहे. पृथ्वीचा विशेष गुण गंध, हे आमच्या न्यायवैशेषिक दर्शनाचे पहिल्या पाठातले तत्त्व. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केली आहे. त्यावर कुणीतरी शंका काढणारच: दगड हीही पृथ्वीच, पण दगडाला कुठे वास येतो? मग व्याख्या लंगडी पडली की नाही? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त ही शंका घेऊन तिला उत्तर दिले आहे. दगडात गंध असतोच, पण तो उत्कट नसतो, म्हणून आपल्याला जाणवत नाही. तसे नसते, तर त्याच्या भस्माला वास कसा आला असता? हे उत्तर मी परीक्षेसाठी तोंडपाठ केले होते. त्यावर मला गुणही मिळाले होते. आणि तोच मी, पाच-सहा वर्षांनी एका मुलाच्या वहीत लिहितो, दगडाला वास नसतो!

यावरून आमच्या पूर्वजांना सगळे रसायनशास्त्र ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. विश्वनाथाला व्याख्या सावरायची होती. बेअर आणि थॉमस यांना वासाचे कारण शोधायचे होते. एकाने गंध दगडाचा स्वतःचा मानला, दुसऱ्यांनी तो बाहेरून आलेला आहे हे दाखवले. हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि ते एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. पण एक गोष्ट दोघांनीही केली. दगडाला वास असतो का, हा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. मी नेला. त्या मुलाकडे ना तर्कसंग्रह होता, ना ‘नेचर’चा अंक. त्याच्याकडे त्याचे नाक होते, आणि खाणीवर काढलेले अठरा-एकोणीस पावसाळे होते. त्याने जे हुंगले ते लिहिले. मी जे लिहिलेले वाचले होते, ते हुंगून पाहिले नाही.

तेव्हा पुढच्या मृगात एवढे करून पाहा. घरामागे शेत असेल तर तिथे उभे राहा, नाहीतर झाडाच्या आळ्यापाशी. मग रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगापाशी जा, किंवा एखाद्या जुन्या दगडी पायरीशी. दोन्ही वास वेगवेगळे कळतात का ते स्वतः ठरवा. कळले, तर त्यांना काय म्हणायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाने असे काही लिहिले, की जे तुम्ही कुठे वाचलेले नाही, तर तांबडी पेन्सिल उचलण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारा: “कुठे पाहिलेस रे हे?”

तो विद्यार्थी पुढे कॉलेज सोडून गेला. आज कुठे असतो, मला माहीत नाही. वहीही त्याने ठेवली नसेल. पण तिच्यातली ती तांबडी रेघ मी आज इथे, सर्वांसमक्ष मागे घेतो. दगडाला वास असतो. त्याचे वाक्य बरोबर होते.